लॅपटॉप फ्रीजरमध्ये ठेवायचा नसतो

‘कॉम्प्युटर चालू होत नाही? दुकानदाराला पैसे देऊ नका, हे पाच उपाय घरीच करा’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, रॅम खोडरबराने घासा, मदरबोर्डवरचा सेल काढा, निळा स्क्रीन आला की व्हायरस समजून सी ड्राइव्ह फॉरमॅट मारा, आणि स्क्रीनवर नंबर दिसला तर त्यावर फोन करा. एरवी सोडून दिलं असतं. पण काल रत्नागिरीहून मावशीचा फोन आला: “अरे, हार्ड डिस्क कुठली ते सापडेना, अख्खा लॅपटॉपच फ्रीजरमध्ये ठेवला तर चालेल का?”

नाही चालणार, मावशी. जुन्या काळी चकतीवाल्या डिस्कचं डेटा वाचणारं हेड चकतीला चिकटून बसायचं आणि थंड केल्यावर एखादी डिस्क थोडा वेळ चालायचीही. त्यावरून ही कथा जन्मली. आता ऐन पावसाळ्यात कोकणात ती डिस्क फ्रीजरमधून बाहेर काढा. थंड भांड्यावर धरतो तसा दमटपणा तिच्यावर धरणार, आणि हेड चकतीपासून जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. उरलासुरला डेटाही गेला म्हणून समजा. शिवाय अलीकडच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह असते. तिच्यात हलणारा भागच नाही, मग थंडीने सुटणार काय?

खोडरबराचं मात्र, नाइलाजाने, निम्मं मान्य. जुन्या डेस्कटॉपवर हे चालतं, दुकानातली पोरंही तेच करतात. पण बहुतेक वेळा काम होतं ते रॅम काढून पुन्हा नीट बसवल्याने. पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डालाच डाखलेली असते, घासणार कुठे?

सेल काढल्याने बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग मूळपदावर येतात, कधीकधी उपयोगही होतो. पण लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप, चालू असेल तर तो पुढच्या वेळी 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. त्याचा पासवर्ड आठवतोय ना? आधी ते बघा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

आता चौथा उपाय, ज्याने मला खरा संताप आला. निळा स्क्रीन म्हणजे व्हायरस, म्हणून फॉरमॅट! 19 जुलै 2024 आठवा. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पडली होती. व्हायरस? उलट, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने हे झालं होतं. त्यावर क्राउडस्ट्राइकने सांगितलेला उपाय काय, तर सेफ मोडमध्ये (विंडोज जेमतेम गरजेपुरतं चालतं, त्या अवस्थेत) जा, ती एक फाइल काढा, पुन्हा चालू करा. या फॉरवर्डवाल्याने 85 लाख मशीन पुसून काढली असती.

त्या स्क्रीनवर खाली एक स्टॉप कोड येतो, त्याचा आधी फोटो काढा. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं असेल तर विंडोजला स्वतःचीच ड्राइव्ह वाचता येत नाहीये. (आणि हो, विंडोज 11 मध्ये 2025 पासून हा स्क्रीन निळ्याचा काळा झालाय, फॉरवर्ड तिथेही मागेच.) सुरू होताना लागोपाठ अडखळलं की विंडोज आपणहून रिपेअरचा पर्याय दाखवतं. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, सेफ मोड आहे, शेवटचं अपडेट काढायची सोय आहे. काहीच जमलं नाही तर एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घाला, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि आधी फोटो आणि हिशेब उतरवून घ्या. बिटलॉकर असेल तर इथेही तीच की लागेल. फॉरमॅटचा विचार त्यानंतर. एसएसडीवर फॉरमॅट मारल्यावर डेटा परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं, कारण रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

आणि स्क्रीन पूर्ण काळा असेल, नुसता पंखा फिरत असेल, तर फॉरमॅट तरी कशावर बघून मारणार?

पाचवा उपाय तर सरळ चोराला घरची किल्ली. मायक्रोसॉफ्टच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, कंपनीने तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. नंबर दिसला की ते फसवणुकीचं पान. ब्राउझर बंद करा. फोन लावून पैसे किंवा ओटीपी देऊन बसला असाल तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 फिरवा.