मळीचं पाणी म्हणजे फुकटचं खत? नाही!

गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या पट्ट्यात एक मेसेज फिरू लागतो : "डिस्टिलरीचं मळीचं पाणी म्हणजे फुकटचं पोटॅश. बिनधास्त रानात सोडा. ओढ्यात गेलं तरी पातळ होतं, आणि बायोगॅस काढलेला असेल तर ते शुद्धच."

निम्मा घोळ 'मळी' या शब्दानं केलाय. रस गाळल्यावर उरणारा प्रेसमड हीही मळी आणि साखर काढून घेतल्यावर उरणारी दाट, काळपट मोलॅसिस हीही मळी. शेतकरी वर्षानुवर्षं रानात टाकतात तो प्रेसमड. त्याबद्दल तक्रार नाही. मेसेजमधलं पाणी म्हणजे स्पेंट वॉश, आंबवलेल्या मोलॅसिसमधून अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेला आंबट, तपकिरी, कढत द्रव. एक लिटर अल्कोहोलमागे तो 8 ते 15 लिटर निघतो.

आता "पातळ होतं" याचा हिशेब मांडू. स्पेंट वॉशचा बीओडी लिटरमागे 50 हजार मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू तेवढा ऑक्सिजन ओढून घेतात. चांगल्या ओढ्याच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम! एक लिटर स्पेंट वॉश सहा हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन फस्त करू शकतो. मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात ते गुदमरून. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2003 साली डिस्टिलऱ्यांना 2005 अखेरपर्यंत नदी-नाल्यात एक थेंबही न सोडण्याची अट घातली.

बायोगॅसनं बीओडी 80-90 टक्के उतरतो, हे खरं. पण उरलेलाही काही हजारांत असतो, आणि रंग तसाच राहतो. असं पाणी झिरपलेल्या विहिरीतला ग्लास मी उजेडात धरून पाहिलाय : बिनदुधाचा चहा. रात्रभर ठेवला तरी खाली काही बसलं नाही, कारण तो गाळ नव्हताच. रंग पाण्यात विरघळलेला होता.

राहिला पोटॅश. तो आहेच, पण सोबत भरपूर क्षारही आहेत. निचरा नसलेल्या काळ्या रानात बेहिशेबी सोडलं तर जमीन खारवते. ब्राझीलमध्ये हे पाणी उसाला देतात, पण मातीतलं पोटॅश तपासून, मात्रा ठरवून. आपल्याकडे काही कारखाने ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि राखेचं दाणेदार खत करतात. त्यात किमान 14.5 टक्के पोटॅश असावं लागतं. पोटॅश हवंच असेल तर ते पोतं घ्या, बांधावर आलेला टँकर परत पाठवा.