गॅरेजमधला षड्ज-पंचम

गेल्या रविवारी पुण्यात कर्वेनगरमधल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये दीड तास उभा होतो. शटर अर्धं ओढलेलं, भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या आणि गाडीच्या जागी ड्रमकिट. चौघं जण स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली मराठी गाणी वाजवत होते. रॉक. दोन दिवस झाले, कानातून ते जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

बँडचं नाव अजून ठरलेलं नाही, चौघांचं एकमत होत नाहीये. हरकत नाही, मला त्यांच्या आवाजाबद्दलच बोलायचंय.

ड्रमर चार वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा. रॉकमध्ये साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे ड्रमकिटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम, पडतो. हाही तेच करतो, पण ओळ संपता संपता दोन्ही हातांनी ताशाची अशी तर्री, म्हणजे ठोक्यांची सलग झड, सोडतो की विसर्जन मिरवणुकीतला लक्ष्मी रोड डोळ्यांसमोर उभा राहतो! मी त्याला विचारलं, हे मुद्दाम बसवलंस का? म्हणाला, "नाही दादा, हात आपोआप तिकडे जातो." म्हणूनच ते ठिगळासारखं वाटत नाही.

गिटारची सगळ्यात जाड तार एक स्वर खाली उतरवलेली असते. मग खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवलं की पॉवर कॉर्ड वाजते. पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केलेला असताना, गंधार मिसळला की आवाज गढूळ होतो, म्हणून गिटारवाले तो गाळतात. पण सा-प म्हणजे आपला तानपुराच की! गाणारी मुलगी लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली आहे. त्या गुरगुरणाऱ्या सा-प वर ती एका ओळीत कोमल गंधार लावते, पुढच्या ओळीत शुद्ध, आणि गिटार कुठेच आडवी येत नाही. त्या एका जागेला माझ्या अंगावर काटा आला. ती किंचाळत नाही, खर्जात उतरते आणि तिथेच थांबते.

मराठी शब्द रॉकमध्ये बसत नाहीत, हे मी कॉलेजपासून ऐकत आलोय. मला ते कधीच पटलं नाही. या मुलीची आजी मुळशीची, तिच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओवीच्या चालीवर एका गाण्याचं धृपद बांधलंय. जात्याची घरघर, खुंट्याचा फेरा आणि त्या फेऱ्यावर पडणारा शब्द. अहो, रॉकमधला रिफ, म्हणजे फिरून फिरून वाजणारा सुरांचा तुकडा, यापेक्षा वेगळा काय असतो? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी याच पुण्यात राहून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एवढा ठेवा उशाशी असताना आपण शब्द नाहीत म्हणून रडतो.

सगळं जमलंय असं नाही. बेस नीट ऐकू येत नाही, आणि तिसऱ्या गाण्यातला गिटार सोलो निम्म्याने कापायला हवा. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

पण मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. मागच्या महिन्यात एका कॅफेने त्यांना बोलावलं आणि अट घातली, की सगळी ओळखीची गाणी वाजवा, शेवटी वेळ उरला तर तुमचं एखादं. शेवटी वेळ जेमतेम उरला. त्यांच्या स्वतःच्या गाण्याच्या पहिल्याच ओळीला मागून कोणीतरी हिंदी गाण्याची फर्माईश केली आणि टाळ्या त्या फर्माइशीला पडल्या. अ‍ॅम्प स्कूटरवर पायांत धरून आणलेली ही मुलं. हे त्याच पुण्यात, जिथे १९५३ पासून सवाई गंधर्वला माणसं रात्र रात्र विलंबित ख्याल ऐकत बसली, आणि जिथे २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा नव्या बँडांचा संगीत महोत्सव सुरू झाला. अनोळखी सूर निवांत ऐकून घेणं या शहराला येतं, मग या चौघांच्याच वाट्याला ते का येऊ नये? दोन गाणी. दहा मिनिटं. फोन खाली ठेवून.

येत्या रविवारी संध्याकाळी पाचला ते त्याच गॅरेजमध्ये वाजवणार आहेत. तिकीट नाही. शेजाऱ्यांना सात वाजता बंद करायचा शब्द दिलाय, तेव्हा वेळेवर या. फार तर पंधरा माणसं मावतील. यायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता पाठवतो. आणि ओवीचं गाणं दुसरं आहे, ते चुकवू नका.