खाड्याचे पैसे कोण देणार?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या ‘फोस्टॅक’ प्रशिक्षणात, जे आता ऑनलाइनही घेता येते, हॉटेल कामगारांना बजावून सांगितले जाते की कावीळ, जुलाब, उलट्या, ताप किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर अन्नाला हात लावू नका आणि व्यवस्थापकाला लगेच कळवा. परवान्याच्या 2011 च्या नियमावलीतील परिशिष्ट 4 चा आशयही हाच असून त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार पडद्यासमोर कोणाला बसवले जाते याविषयी आहे.

पोळ्या लाटणाऱ्या मावशींना किंवा मोरीवरच्या कामगाराला आजारपणात येऊ नये हे कळत नाही, असे गृहीत धरून हे धडे रचलेले असतात. त्यांना ते उत्तम कळते. खाडा पडला की पगार कापला जातो हेही कळते, आणि शनिवारी संध्याकाळी ‘आज जमणार नाही’ असा फोन केल्यावर पलीकडून काय ऐकावे लागते हेही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तो पूर्णपणे लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला 8 भरपगारी नैमित्तिक रजा मिळतात, आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही, आणि त्या 8 रजा गावची जत्रा, कोणाचे दिवसकार्य, मुलांचे शाळाप्रवेश यांतच संपतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असेल (असेल तर!) आणि वेतन महिना 21,000 रुपयांच्या आत असेल, तर आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. मात्र आजवरच्या नियमांत आजाराचे पहिले दोन दिवस सहसा धरलेले नाहीत, आणि बिघडलेले पोट बहुधा तेवढ्यातच ठिकाणावर येते. नोरोव्हायरससारख्या संसर्गात उलट्या थांबल्यावरही धोका उरतो, म्हणून ब्रिटनमध्ये लक्षणे थांबल्यानंतर आणखी 48 तास अन्न हाताळू नये असा दंडक आहे. आपल्याकडे ते 48 तास कोणाच्या खिशातून जाणार?

न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः आजारी नव्हती, पण तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते. 1907 मध्ये तिला सक्तीने वेगळे ठेवले गेले आणि पुन्हा स्वयंपाक करणार नाही या वचनावर 1910 मध्ये सोडण्यात आले. धुलाईच्या कामात पैसे कमी मिळत, आणि 1915 मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिरुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सापडली. समज द्यायला तिला कोणी कमी केले नव्हते.

म्हणून प्रशिक्षण ठेवायचेच असेल तर आधी मालकाला आणि पाळ्या लावणाऱ्या व्यवस्थापकाला बसवावे, आणि परीक्षेत हात धुण्याच्या पायऱ्यांबरोबर हेही विचारावे की रात्री आठला आचाऱ्याला ताप भरला तर बदली माणूस कोण आणि त्या दिवसाचा पगार कसा लावणार. लहान खाणावळीचा गल्ला इतका ताणता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे विमा योजनेनेच पहिल्या दिवसापासून पैसे द्यावेत. मोठ्या हॉटेलांत मात्र तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने प्रमाणपत्रासोबत हजेरीपत्रकही मागवावे आणि वर्षभरात आजारपणाचा एकही भरपगारी दिवस त्यात नसेल, तर त्याचे कारण लेखी घ्यावे.