पिवळं खाली, हिरवं वर

परवा सांगलीत एका लग्नात मला जेवणाच्या दारातून परत पाठवलं. तेही आहेराचं पाकीट मुलीच्या मामांच्या हातात पडल्यावर. पाकीट घेताना कुणी कूपन विचारलं नव्हतं.

कार्यालय म्हणजे जुनं टॉकीज. पडद्याच्या जागी स्टेज, त्यावर नवरा-नवरीची सिंहासनं. खुर्च्या उपटल्या, पण जमीन सपाट करायचा खर्च मालकांनी वाचवलाय. पुढच्याचं डोकं आडवं येऊ नये म्हणून केलेला उतार तसाच आहे. माझ्या शेजारच्या आजी मंगलाष्टकं संपेपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट दोन रांगा पुढे पोचल्या होत्या.

तर जेवणाच्या दारावर एक म्हातारा. खाकी शर्ट, हातात बॅटरी. भर दुपारी त्यानं ती आधी माझ्या तोंडावर मारली, मग रिकाम्या हातावर.

"कूपन?"

"कसलं?"

"पिवळं खाली पंगत. हिरवं वर बुफे, बाल्कनीत."

"काका, मी मुलीकडचा."

"समदी तेच सांगत्यात."

"अहो, आहेर दिलाय मी!"

"ते बुकिंगवाल्याला सांगा. मी डोअरकीपर."

"टॉकीज बंद पडून किती वर्षं झाली, काका!"

"टॉकीज बंद पडलं. दार हाय की अजून."

यावर काय बोलणार? ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, तिथल्या माणसाला संवाद शिकवायला जाऊ नये. मग त्याला कंठ फुटला. १९७५ साली 'जय संतोषी मां' लागला तेव्हा तो इथंच कॅन्टीनचा पोऱ्या होता. बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, दारात हा ढीग! "एकीची चप्पल गेली न्हाय. आन् आता? घरच्याच पोरी नवऱ्याचं बूट पळवत्यात, वर पैसं मागत्यात." हे सांगता सांगता त्यानं पिवळ्या कूपनांची तीन कुटुंबं आत सोडली. एकेक कूपन मधोमध फाडून अर्धं परत देत होता. अर्ध्या कूपनाचं लोकांनी काय करायचं?

मी मान वर करून बसलो. बाल्कनीमागच्या भिंतीत ऑपरेटरच्या खोलीची चौकोनी भोकं अजून आहेत. आत दोन मशीनं असायची. रीळ संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, तेवढ्यात दुसरं मशीन सुरू करायचं. ऑपरेटर चुकला की शिट्ट्या आणि त्याच्या आईचा उद्धार. मग सिनेमा हार्ड डिस्कवर नाहीतर उपग्रहावरून यायला लागला आणि ऑपरेटरचं काम बटण दाबण्यापुरतं उरलं. आता त्या भोकांत एक्झॉस्ट पंखे आहेत. तोंडं मात्र उलटी बसवलीत, त्यामुळे मसालेभाताचा सगळा वास उपाशी माणसाच्या अंगावर.

बरं, थिएटरांच्या नावानं गळे काढणाऱ्यांतलाही मी नाही. ढेकूण चावलेत मला तिथं. पण राग येतो तो येतोच. करमणूक कर होता तोवर मालक कराच्या नावानं बोटं मोडायचे. २०१७ साली तो जीएसटीत गेला, आणि शंभराच्या वरच्या तिकिटावर २८ टक्के बसले. पाडून नवीन बांधायचं तर थिएटर राखा, असा सरकारी नियम. म्हणून धड पाडत नाहीत, धड चालवत नाहीत. कुलूप, गोडाऊन, नाहीतर हे असं कार्यालय. आणि सिनेमा बघायचा तर मॉलमध्ये जा, पाण्याची बाटली दारात काढून द्या आणि आत तेच पाणी चौपट दरानं घ्या.

"पुढचा शो दोनला," म्हातारा म्हणाला. म्हणजे पुढची पंगत.

तेवढ्यात कुणीतरी माझी बाही ओढली. नवरीचा कुणी भाऊ असावा, दहाएक वर्षांचा, शेरवानीतला. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "काका, पिवळं पन्नास, हिरवं ऐंशी."

डोअरकीपर एकदम छताकडं बघायला लागला.

हिरवं घेतलं. वर श्रीखंड संपलं होतं.