ओंडक्याचं वजन आलं कुठून?

प्रकाशसंश्लेषणाचा धडा सुरू करायच्या आधी मी वर्गात एक वाळलेला ओंडका नेते. दोन किलोचा. तो मुलांच्या हातातून फिरतो आणि मी फळ्यावर एवढंच लिहिते : हे दोन किलो आले कुठून?

उत्तरं दरवर्षी तीच. मातीतून. पाण्यातून. खतातून. कुणीतरी सूर्यप्रकाशातून म्हणतं. यंदा एका मुलीने प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण न अडखळता, संतुलित करून लिहून दाखवलं आणि लगेच पुढच्या मिनिटाला ठामपणे सांगितलं, "मातीतून." हवेचं नाव एकानेही घेतलं नाही.

यात मुलांचा दोष नाही, आम्हा शिक्षकांचा आहे. मीही कित्येक वर्षं "वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात" या वाक्यावर धडा संपवत होते. त्या अन्नाचं पुढे काय होतं, हे सांगायचं राहूनच जायचं. ते अन्न म्हणजे ग्लुकोज, एक साखर. तिचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले की सेल्युलोज होतं. आणि सेल्युलोज म्हणजे खोड, पान, कापूस, मुलांच्या समोरच्या वहीचा कागद. समीकरणातला कार्बन डायऑक्साइड हातातल्या ओंडक्यात आहे, हा सांधा जुळलाच नाही तर बाकी सगळं पाठांतर.

सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाची गोष्ट मी आता सावकाश सांगते. त्याने सुमारे ९० किलो सुकी माती कुंडीत भरून विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. रोप सव्वादोन किलोंवरून जवळजवळ ७७ किलोंवर गेलं. माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. हे लेखन १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. मला यातली सर्वांत विलक्षण बाब वेगळीच वाटते. 'गॅस' हा शब्द याच माणसाने दिला, आणि कोळसा जळताना बाहेर पडणारा वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, साध्या हवेपेक्षा वेगळा आहे हेही त्यानेच ओळखलं. झाड कशाचं झालं याचं उत्तर त्याच्या दुसऱ्या प्रयोगात होतं, पण ते या कुंडीपर्यंत पोहोचलं नाही. "मातीतून" म्हणणाऱ्या मुलाला हे ऐकू द्या, त्याला हुरूप येतो.

मग हिशेब. सुक्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं, म्हणजे आमच्या ओंडक्यात एक किलो. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे जेमतेम ०.०४ टक्के. एक किलो कार्बन जमवायला सुमारे पाच हजार घनमीटर हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड लागेल, म्हणजे आमच्या वर्गाएवढ्या तीसेक खोल्यांमधला. हा आकडा मुलं स्वतः काढतात आणि खोलीकडे वर-खाली बघत राहतात.

पण एवढ्यावर थांबलं तर अर्धीच गोष्ट होते. म्हणून दुसरा प्रयोग अंधाराचा. सारख्या वजनाच्या बियांचे दोन गट ओल्या कापसावर रुजवायचे, एक उजेडात, एक बंद कपाटात. दोन आठवड्यांनी कपाटातली रोपं लांबच लांब, पिवळी झालेली असतात. वजन वाढलं का, असं विचारलं की जवळजवळ सगळे हो म्हणतात. रोपं पूर्ण वाळवून तोलली की ती मूळ बियांपेक्षा हलकी भरतात! इथे वर्ग एकदम शांत होतो. मग एखादं मूल हळूच विचारतं, "गेलं कुठे?" हवेत गेलं. श्वसनाने. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन" हा हट्टी गैरसमज सुटायला लागतो. श्वसन अहोरात्र चालू असतं, हे मुलं मग स्वतःच म्हणतात.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रकाशसंश्लेषण, श्वसन आणि कार्बन चक्र एका सलग घटकात शिकवावं. एक धडा या इयत्तेत, दुसरा पुढच्या आणि चक्र पर्यावरणाच्या शेवटच्या प्रकरणात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाईने उरकलेलं, असं झालं की चक्र म्हणजे फक्त बाणांची आकृती उरते. बाण कुठे वळतो हे मुलं सांगतात, त्यावरून काय वाहतं ते सांगता येत नाही.

बाणांवर आकडे घातले की चित्र बदलतं. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला ढोबळमानाने १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि वनस्पतींचं स्वतःचं श्वसन, प्राणी, बुरशी, जिवाणू व आगी मिळून जवळजवळ तेवढाच परत जातो. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण त्यात दरवर्षी सुमारे १० अब्ज टनांची भर घालतो. १२० पुढे १० म्हणजे काय, असं एका मुलाने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता. फरक असा की ते १२० फिरत राहतात. हे १० कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेले होते. झाडं आणि समुद्र मिळून त्यातला निम्मा भाग उचलतात, उरलेला हवेत साठत जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आज ४२० च्या वर आहेत.

त्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग झाडं लावून काही उपयोग नाही का, मॅडम?" मी त्याला पुन्हा ओंडक्याकडेच नेलं. हा जाळला तर यातला कार्बन आज हवेत जाईल, कुजू दिला तर काही वर्षांत, घराच्या तुळईत बसवला तर कदाचित शंभर वर्षांनी. झाड लावल्याचा उपयोग नक्की आहे, पण कार्बन किती काळ अडून राहील, हे त्या झाडाचं पुढे काय होतं त्यावर ठरतं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे कोळसा हा न कुजलेला ओंडका."

हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि तास संपल्यावरही पुसलं नाही.