मोठ्यांची मांगा म्हणजे फक्त 'तसलंच' नसतं हो

मोठ्यांसाठीची जपानी कॉमिक्स म्हटलं की आपल्याकडे लगेच डोळे मिचकावतात. आता तसलं भरपूर असतं, नाही म्हणत नाही. पण १९६४ ला टोकियोत 'गारो' नावाचं मासिक निघालं, त्यातलं बघा जरा. तिथं मोठ्यांचं म्हणजे काय तर बेकारी, भाडं, बायकोची कटकट आणि आपल्याच्याने काही होणार नाही ही पक्की खात्री.

माझा लाडका मांगाकार योशिहारू त्सुगे. त्याच्या १९६८ च्या 'नेजिशिकी'त जेलीफिश चावलेला पोरगा तुटलेली शीर धरून डॉक्टर शोधत फिरतो आणि गावात पाट्या सगळ्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या! लोक त्यात फ्रॉइडबिइड शोधतात, शोधू देत बापडे. मला जास्त आवडतं ते १९८५-८६ चं 'मुनो नो हितो'. मांगा काढायचं सोडलेला, जुने कॅमेरे विकून बघितलेला एक बाप तामा नदीच्या काठावर दगड विकायला बसतो, आणि दगड कुठले तर त्याच नदीतले, खाली वाकलं की फुकट मिळणारे!! घेणार कोण? बायको वैतागलीय आणि हा पठ्ठ्या पुढच्या धंद्याचा विचार करतोय.

आणि चित्रं बघा. त्सुगे आधी शिगेरू मिझुकी या दुसऱ्या मांगाकाराकडे असिस्टंट होता, दोघांकडेही ती गंमत आहे, मागचं छप्पर, गवत, भिंत सगळं रेघ न् रेघ काढलेलं आणि माणूस मात्र चार रेघांत उरकलेला. म्हणजे परिस्थिती एकदम ठसठशीत आणि माणूसच पुसट. कुठला डायलॉग हे सांगू शकला असता?

उलट योशिकाझु एबिसु, त्याचं ड्रॉइंग बघून लोक म्हणतात हे तर आमचा बंड्यापण काढेल. काढेलही. पण जुगारात बुडालेला टायवाला नोकरदार आणि त्याच्या तोंडावरचे ते घामाचे थेंब गुळगुळीत रेघेत आले असते तर कुणाला खरे वाटले असते? ही वेडीवाकडी स्टाईल जपानात 'हेता-उमा' म्हणून ओळखली जाते, आणि ती जमवायला भलतीच अवघड आहे असं माझं मत.

खटकतं ते एकच. योशिहिरो तात्सुमी घ्या नाहीतर त्सुगे, यांच्या गोष्टींत पिचलेल्या पुरुषांना आतलं जग असतं, बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसती चिडचिड नाहीतर शरीर. म्हणून कुनिको त्सुरिता शोधून वाचा. १९६५ मध्ये, अठराव्या वर्षी ती 'गारो'त आली, ३७ व्या वर्षी वारली. तिच्या बायका सिगरेट ओढत, कंटाळत, स्वतःच्या मरणाचा विचार करत बसतात आणि कुणाच्या बायको-बियको म्हणून नाही, स्वतःच्या हिशेबाने.