‘आयएसओ १०० च्या वर गेलात की फोटो गेला’ : सहा नियमांच्या एका फॉरवर्डला उत्तर

घरात कुणी नवा कॅमेरा घेतला की चार-आठ दिवसांत त्याच्या फोनवर हा मेसेज येतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. “फोटोग्राफी शिकायची आहे? मग हे सहा नियम पाळा. १) कॅमेरा कायम मॅन्युअलवर, ऑटो म्हणजे फसवणूक. २) आयएसओ १००, फार तर ४००. ३) पोर्ट्रेटला ८५ ची लेन्स आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. ४) माणूस मधोमध कधीही नको, एक तृतीयांश रेषेवरच हवा. ५) फोटो सोनेरी तासातच, दुपारी कॅमेरा बॅगेत. ६) फुल-फ्रेम नसेल तर उगाच वेळ घालवू नका.”

माझ्या भाचीनं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, मी चुकीचा कॅमेरा घेतला का?” तिच्याकडे क्रॉप सेन्सरची, म्हणजे उजेड टिपणारी चकती (सेन्सर) फुल-फ्रेमपेक्षा लहान असलेली साधी बॉडी आणि सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स आहे. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा आणि तिसरा नियम एकत्र घेतो, कारण हे दोन्ही इमानेइतबारे पाळून मी एक मुंज वाया घालवली आहे. मित्राची फुल-फ्रेम आणि ८५ ची लेन्स मागून आणली होती. कार्यालयात ट्यूबलाइट, मातृभोजन चाललेलं. मी आयएसओ, म्हणजे पोचलेला उजेड किती वाढवून घ्यायचा ते सेटिंग, १०० वर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/१.८ वर, म्हणजे पूर्ण उघडं; एफचा आकडा वाढला की भोक लहान होतं. तेवढ्या उजेडात शटर मिळालं १/२० सेकंद. आई मुलाला घास भरवतेय, मुलगा मान वेळावतोय, मागून कुणीतरी तुपाची वाटी पुढे करतंय आणि माझं शटर आरामात उघडझाप करतंय. घरी येऊन बघतो तर निम्मे फोटो हललेले. जे हलले नव्हते त्यात बटूची पापणी न् पापणी मोजता येत होती आणि वीतभर मागे असलेला आईचा चेहरा धुक्यात. मातृभोजनाच्या फोटोत आईच नाही! वहिनींनी काही बोलून दाखवलं नाही, पण अल्बममध्ये तो फोटो लागला नाही.

आता हिशोब बघा. ८५ ची लेन्स, एफ/१.८, माणूस अडीच मीटरवर. अशा वेळी जेमतेम ९ सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. दीड मीटरवर आलात तर साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नाही, म्हणजे डोळा स्पष्ट आणि कान गेला. अडीच मीटरवरच एफ/५.६ केलं असतं तर पट्टा २९ सेंटीमीटरांचा झाला असता आणि दोघांच्या मध्ये फोकस धरून मायलेक दोघंही आली असती. शटर १/१२५ हवं होतं, कारण मुलं स्थिर बसत नाहीत. त्याच उजेडात हे दोन्ही जमवायचं तर आयएसओ ६४०० लागतो. होय, ६४००. दाणे दिसले असते, पण आई दिसली असती.

‘आयएसओ वाढवला की नॉइज (दाणेदार ठिपके) येतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. पावसाची पहिली सर अंगणातल्या फरशीवर पडते तेव्हा थेंब कुठे दाट, कुठे विरळ दिसतात. दहा मिनिटं पाऊस झाला की फरशी सगळीकडे सारखी ओली. उजेडाचंही तसंच आहे. सेन्सरवर उजेड कमी पोचला की ठिपके दिसतात. आयएसओ फक्त पोचलेल्या उजेडाचा आवाज मोठा करतो. त्यामुळे आयएसओ १०० वर काळाकुट्ट फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर उजळलात तर तेच ठिपके मिळतात, बऱ्याच कॅमेऱ्यांत जरा जास्तच.

मग हा नियम आला कुठून? फिल्मच्या जमान्यातून. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म २५ आणि ६४ च्या वेगात (आजच्या भाषेत आयएसओ) मिळायची. एकदा रोल भरला की ३६ फोटो संपेपर्यंत वेग बदलायची सोय नाही, आणि वेगवान फिल्मचे दाणे मोठे. तेव्हा तो सल्ला शहाणपणाचा होता. आज आयएसओ प्रत्येक फोटोला बदलता येतो. ट्रायपॉडवर सह्याद्रीची कडेकपार टिपत असाल तर खुशाल १०० ठेवा.

८५ च्या लेन्सबद्दल आणखी एक. चेहरा चांगला दिसतो तो लेन्समुळे नाही, तुम्ही किती लांब उभे आहात त्यामुळे. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण १२ सेंटीमीटर पुढे धरा. फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे कानांच्या मानानं नाक १.४ पट मोठं. दीड मीटर मागे गेलात तर १५० आणि १६२, फरक नावापुरता. म्हणून सेल्फीत सगळ्यांची नाकं भोपळ्यासारखी येतात, तो कुणाच्या नाकाचा दोष नाही. दोन पावलं मागे जा आणि झूम करा. भाचीची १८-५५ ची लेन्स ५५ वर ठेवली की तिच्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ती फुल-फ्रेमवरच्या जवळपास ८२ सारखी दिसते. म्हणजे जी लेन्स नाही म्हणून ती खंतावत होती ती तिच्या गळ्यातच लटकत होती. उलट खरी ८५ तिनं आणली असती तर आपल्या दहा-बाय-दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लावूनही पूर्ण माणूस मावला नसता.

मॅन्युअलचं, म्हणजे सगळी सेटिंग हातानं लावायचं खूळ तर मला कधीच कळलं नाही. नवशिक्या मॅन्युअलवर काय करतो? चाक फिरवून उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर आणतो. अहो, ऑटो तेच करतं, तुमच्या आधी आणि न दमता! फसवणूक असलीच तर ती काट्यात आहे, कारण मीटरला माणूस दिसत नाही. समोर काहीही असो, तो ते मध्यम करडं धरून चालतो. पांढरंशुभ्र धोतर करडं करतो, काळी घोंगडी उजळवून करडी करतो. त्याला ‘हे पांढरंच आहे बाबा’ असं सांगायला कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं बटण असतं. ते बटण शिकलात की पुष्कळ काम झालं, मोड कुठलाही असो.

मी स्वतः बहुतेक वेळा अ‍ॅपर्चर मोडवर असतो: भोक मी ठरवतो, शटर कॅमेरा. लख्ख उन्हाच्या अंगणातून पडवीत शिरलात की उजेड सहज चार स्टॉप उतरतो (दर स्टॉपला निम्मा), म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर येतो. लेझीमचं पथक ऊन-सावलीतून जात असताना दर दहा पावलांना चाक कोण फिरवत बसणार? मॅन्युअल लागतं ते उजेड बदलत नसतो तिथे. नाटकाचा ठरलेला प्रकाश असतो किंवा स्टुडिओतले फ्लॅश असतात, तेव्हा एकदा सेटिंग लावायचं आणि विसरायचं.

एक तृतीयांशाच्या, म्हणजे फ्रेमचे उभे-आडवे तीन सारखे भाग करणाऱ्या रेषांवर मी फार वेळ घालवणार नाही. हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली निसर्गचित्रांसाठी तो मांडला, आकाश किती आणि जमीन किती अशा वाटण्यांसाठी. माणसाच्या चेहऱ्याशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स कॅमेरा वापरत, त्याची फ्रेम चौरस. चौरसात माणूस मधोमध ठेवला तर काही बिघडत नाही. समोरून सरळ बघणारा चेहरा मध्यभागीच भक्कम वाटतो. त्यापेक्षा शटर दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. नवशिक्यांचे फोटो रेषा चुकल्यामुळे बिघडताना मी क्वचित पाहिलेत. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कानाला टेकलेलं कॅलेंडर, कडेला अर्धवट कापलेलं कुणाचं तरी कोपर यांच्यामुळे बिघडलेले ढीगभर पाहिलेत.

सहावा नियम एका ओळीत निकालात निघतो. ए-४ आकाराचा उत्तम प्रिंट काढायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात आणि भाचीच्या कॅमेऱ्यात २४ आहेत.

राहिला सोनेरी तास, म्हणजे सूर्य उगवल्यानंतरचा किंवा मावळण्याआधीचा मऊ, सोनेरी उजेड. पहिली गोष्ट, आपल्याकडे तो तास नसतोच. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की मावळेपर्यंत पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर पंचवीस-तीस मिनिटं मिळतात. लंडनमध्ये जूनच्या संध्याकाळी सूर्य तिरका रेंगाळत उतरतो, आपल्याकडे तो जवळजवळ सरळ बुडतो. दुसरी गोष्ट, भरदुपारी उघड्या उन्हात माणूस उभा केला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो, हे मान्य. पण म्हणून माणसाला पडवीत बसवायचं, कॅमेरा बॅगेत कशाला? पडवीच्या कडेला, तोंड अंगणाकडे. वरून छप्पर, समोरून आभाळाचा मऊ उजेड आणि खालून सारवलेल्या अंगणावरून परतणारा उजेड, तो भुवयांखालची सावली भरून काढतो. हा उजेड दुपारी दोन-तीन तास हलत नाही.

भाचीला मी हेच करायला लावलं. रविवारी दुपारी एक वाजता, गावच्या घरी, तिचे आजोबा पडवीत. पांढरी टोपी, पांढरा सदरा, उन्हानं रापलेला चेहरा. आयएसओ ४००, एफ/५.६, लेन्स ५५ वर, ती दीड मीटरवर. कॅमेऱ्यानं शटर निवडलं १/४००. पहिला फोटो आला तो टोपी करडी, चेहरा काळवंडलेला. मीटरनं पांढरं बघून उजेड कापला होता. मी फोनवरून म्हटलं, “अधिक एक कर.” शटर १/२०० वर आलं.

संध्याकाळी तिनं दोन्ही फोटो पाठवले. दुसऱ्यात टोपीची वरची घडी जळून नुसती पांढरी झालीय. पण आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत अंगणाची चौकट दिसतेय आणि त्या चौकटीत, बारीकशी, कॅमेरा धरलेली ती. आणि हो, आजोबा मधोमध आहेत.